मागणी मांजर

तिसऱ्या मजल्यावरच्या टेलिफोनताईंना जिन्याला कठडा हवा होता. मागणी साधी होती आणि तशी नवीही नव्हती, कारण कठडा तिथे पूर्वी होताच. चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी भिंतीएवढा टीव्ही घेतला आणि तो दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर अडकला, तेव्हा टीव्ही आणि कठडा यांपैकी एकाला माघार घ्यावी लागली. टीव्ही नवा होता, कठडा जुना होता. नटबोल्ट काढण्यात आले, टीव्ही वर गेला आणि त्याच्या मागोमाग कठडाही वर गेला. "उद्या परत बसवतो," असं दंतवैद्य म्हणाले. "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य ते ज्या खात्रीने म्हणतात, त्याच खात्रीने हेही म्हणाले. कठडा आता त्यांच्या गॅलरीत आडवा आहे आणि त्यावर टॉवेल फार छान वाळतात.

टेलिफोनताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. एकाची तार दुसऱ्याला जोडून द्यायची आणि मधून बाजूला व्हायचं, हे काम त्यांनी केस पिकेपर्यंत केलं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी एकच जोडणी मागितली होती. समोरच्या गल्लीत, तळमजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहते. रोज संध्याकाळी ताईंनी जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा आणि धाकटीकडे चहा प्यायचा, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. उलट दिशेने तो चालत नसे. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तर धाकटीच्या गुडघ्याचं व्हायचं होतं. एकीचा गुडघा उतरताना घाबरायचा, दुसरीचा चढायला तयारच नव्हता. कठडा होता तोवर हे भागत होतं. कठडा गेला आणि ताई खिडकीत बसून हात हलवू लागल्या. धाकटी दारात येऊन हात हलवी. मग दोघी फोनवर एकमेकींचा चेहरा बघत आपापला चहा पीत.

इमारतीच्या नियमांप्रमाणे कठडा काढायला परवानगी लागत नाही, कारण काढणं ही दुरुस्ती आहे. बसवायला मात्र परवानगी लागते, कारण बसवणं हे बांधकाम आहे. म्हणून ताईंनी इमारतीच्या ग्रुपवर रीतसर मागणी टाकली. 'तिसऱ्या मजल्याखालच्या जिन्याला कठडा नाही. उतरताना धरायला काही नाही. कृपया व्यवस्था व्हावी.'

ग्रुपवरचे सगळे निर्णय सचिव देतात. सचिवांची नोकरी सरकारी कचेरीत, कागदांवर शेरे मारण्यात गेली. 'पाहिले', 'चर्चा करावी', 'मंजूर', 'नामंजूर' एवढ्या चार शब्दांवर त्यांनी घर बांधलं, मुलं शिकवली आणि ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कागद गेले आणि फोन आला. फोनचं एक असतं, तो हुशार असतो. आपण शब्द अर्धा लिहिला की उरलेला तो स्वतःच्या मनाने पूर्ण करतो आणि हे मन त्याने आपल्याकडूनच घेतलेलं असतं. सचिव दुपारी जेवण झाल्यावर, दार लावून, मांजरांच्या चित्रफिती बघतात. एक झाली की दुसरी. कधी मांजर कपाटावरून फुलदाणी ढकलतं, कधी काकडी बघून उडी मारतं. हे घरात कुणाला ठाऊक नाही. फोनला ठाऊक आहे.

ताईंच्या मागणीवर सचिवांनी लगेच शेरा दिला. चष्मा कपाळावर होता, बोटं सवयीने चालली आणि संदेश गेला:

'तिसरा मजला, कठडा. मागणी मांजर.'

ग्रुपवर सगळ्यांनी तो वाचला. मग कुणीतरी अंगठा दिला. एकाने दिला म्हणून बाकीच्यांनी दिला. अभिनंदनाचे दोन गुच्छ आले. ताईंनी शेरा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. शेवटी फोन लावला.

"साहेब, मांजर म्हणजे काय?"

"कुठलं मांजर?" सचिव म्हणाले. त्यांनी फोन कानापासून दूर धरला, संदेश पाहिला आणि पुन्हा कानाला लावला. आवाज किंचित खाली आला होता. "हं. ते. निर्णय स्पष्ट आहे, ताई."

"तुम्हाला मंजूर म्हणायचंय ना? मग तसं लिहा ना परत. पुसा आणि लिहा."

"पुसता येत नाही."

"येतं हो. बोट दाबून धरायचं, धाकटीने मला शिकवलंय."

"यंत्राला येतं, ताई. मला येत नाही. ग्रुपवर पाठवलेला निर्णय पुसायचा नाही, हा नियम मीच केलाय. पुसलं की लोकांना वाटतं, आधी काय होतं? मग त्यावर निराळी चौकशी."

"बरं, मग खाली लिहा, चुकून झालं म्हणून."

सचिवांनी मनात हिशेब केला. चूक झाली म्हणायचं, तर कशी झाली ते सांगावं लागणार. फोनने मांजर का सुचवलं, हा प्रश्न आज ना उद्या कुणीतरी विचारणार. दुसऱ्या मजल्यावरचा तो कंप्यूटरवाला तर नक्कीच.

"चूक कशी असेल?" सचिव म्हणाले. "विचार करून दिलाय निर्णय."

"मला कठडा हवा होता, साहेब."

"कठडा द्यायचा की नाही, याबद्दल निर्णयात काही म्हटलेलं नाही. तेव्हा तो विषय नामंजूरही झालेला नाही, हे लक्षात घ्या. ही चांगली बाजू आहे."

संध्याकाळपर्यंत ग्रुप जागा झाला. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी इमारत नुसतं बाई म्हणते, त्यांनी सुरुवात केली. 'निर्णयाच्या आशयाबद्दल मला काही म्हणायचं नाही. भाषेबद्दल आहे. मागणी स्त्रीलिंगी, मांजर नपुंसकलिंगी. जुळत नाही.'

दुसऱ्या मजल्यावरच्या कंप्यूटरवाल्याने उत्तर दिलं. हा गृहस्थ काहीही विचारलं तरी 'ते क्लाउडवर टाकतो' म्हणतो, म्हणून त्याला क्लाउडभाऊ म्हणतात. त्याने लिहिलं, 'आमच्याकडे ती मांजर म्हणतात. मग जुळतं.'

'तुमच्याकडे म्हणजे कुठे?'

'आईच्या माहेरी.'

'मग ते आईच्या माहेरच्या ग्रुपवर लिहा. इथे ते मांजर.'

'बाई, ही हुकूमशाही झाली. इंटरनेटवर बघा, निम्मे लोक ती म्हणतात.'

'इंटरनेटवर निम्मे लोक 'आणी' असं लिहितात. तेव्हा?'

इथून इमारतीत दोन पक्ष झाले. एक 'ते'वाल्यांचा, एक 'ती'वाल्यांचा. दोन्हीकडच्यांनी आपापल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ मांजरांची छायाचित्रं टाकली, जणू लिंग छायाचित्रात स्पष्ट दिसतं. तळमजल्यावर दुकान असलेल्या चष्मेवाल्याने मधेच 'कुत्रा जास्त इमानी असतो' असं लिहिलं, तेव्हा दोन्ही पक्ष क्षणभर एक झाले आणि त्याला ग्रुपबाहेर काढून पुन्हा भांडू लागले. दंतवैद्यांनी विचारलं, 'ही कुठली मालिका आहे? कशावर लागते? आमच्याकडे नुसतं गोल फिरतंय.' त्यांच्या पडद्यावर त्या दिवसांत बराच वेळ नुसतंच गोल फिरे. अख्ख्या इमारतीचं इंटरनेट एकाच जोडणीवर होतं आणि भिंतीएवढ्या टीव्हीला भिंतीएवढी तहान लागे.

ताईंनी या सगळ्याच्या मधे एकदा लिहिलं, 'मला फक्त खाली उतरायचं आहे.' त्याला कुणीतरी लाल बदाम दिला.

निर्णय झाला म्हणजे अंमलबजावणी आली. सचिवांचा स्वभाव असा की एकदा शेरा मारला की तो खरा करून दाखवायचा. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बैठक झाली. ताई वरूनच, फोनवरून हजर होत्या.

"मागणी जिन्याच्या संदर्भात आहे," सचिवांनी समजावलं. "मागणीत म्हटलंय, धरायला काही नाही, व्यवस्था व्हावी. निर्णयात म्हटलंय, मांजर. दोन्ही एकत्र वाचलं की अर्थ स्वच्छ होतो. त्या जागी मांजराची व्यवस्था करायची."

"मांजर धरून उतरायचं का मी?" फोनमधून ताईंचा आवाज आला.

"धरायचं की नाही ते ऐच्छिक आहे," सचिव म्हणाले. "सोय उपलब्ध करून देणं एवढीच आपली जबाबदारी."

"पण मांजर जागेवर बसतं का कधी?" बाईंनी विचारलं.

"माणसं तरी कुठे बसतात? कचेरीत सही करून चहाला जातातच की. हजेरी महत्त्वाची."

मांजर शोधावं लागलं नाही. वीजमीटरच्या पेटीमागे एक राखाडी मांजर कधीपासून राहत होतं. सचिवांनीच मागे एकदा फलक लावून त्याला इमारतीतून हद्दपार केलं होतं. फलक वाचता न आल्यामुळे ते तिथेच राहिलं होतं. आता नवा फलक लागला आणि जुन्याच मांजराची नव्या जागी नेमणूक झाली. कठड्याचे खांब जिथे होते तिथे एक गादी टाकली, शेजारी पाण्याची वाटी ठेवली आणि गादीवर मांजर ठेवलं. मांजराने गादीभोवती एक फेरी मारली, पाणी हुंगलं आणि झोपून गेलं.

दुसऱ्या दिवशी ताई काठी घेऊन पायऱ्यांपर्यंत आल्या. डाव्या हाताला भिंत होती, पण भिंत टेकायला असते, धरायला नसते. उजव्या हाताला मांजर होतं. मांजराने एक डोळा उघडला. ताईंनी एक पायरी उतरून पाहिली. गुडघा थरथरला. त्या परत वर गेल्या.

"काय झालं?" फोनवर धाकटीने विचारलं.

"मांजर आहे. कठडा नाही."

"चावतं का?"

"नाही गं, बिचारं झोपलंय. मला काय त्याचं? मला उतरायचंय. तू ये ना वर."

"मी वर आले तर मला खाली कोण आणणार? मग दोघी वरच राहू."

"राहू की. तेवढंच."

"आणि माझं दूध नासेल ते?" धाकटी म्हणाली. तिच्याकडे प्रत्येक मोठ्या गोष्टीला एक लहान उत्तर असे.

मांजर कामावर असतं की नाही हे तपासणं ओघानेच आलं. त्यासाठी रोज कुणी चढउतार करणं शक्य नव्हतं, लिफ्ट नव्हती आणि जिन्याला कठडा नव्हता. क्लाउडभाऊंनी वळणावर एक लहानसा कॅमेरा लावला आणि चित्र थेट सोडलं. "आता कुणालाही, कुठूनही बघता येईल," ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं, सचिव बघतील. पण 'कुणीही, कुठूनही' हे शब्द माणसाने उच्चारले तरी यंत्र ते गंभीरपणे घेतं. आठवड्याच्या आत इमारतीबाहेरची, गावाबाहेरची, मग ज्यांची भाषाही आपल्याला येत नाही अशी माणसं जिन्यातलं झोपलेलं मांजर बघू लागली.

मांजर काहीही करत नव्हतं. हेच त्याच्या यशाचं कारण होतं, असं जाणकारांनी लिहिलं. बाकीच्या मालिकांमध्ये सारखं काहीतरी घडतं, इथे प्रेक्षकाला विसावा मिळतो. त्यावर दुसऱ्या जाणकारांनी लिहिलं की पहिला आठवडा चांगला होता, आता दर्जा घसरलाय. काहींनी पहिल्यापासून बघायला घेतलं आणि 'कुणी शेवट फोडू नका' अशी विनंती केली. एक जण मांजराची झोप दुप्पट वेगाने बघत असे. वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं होतं. गादी बदलली तेव्हा जुन्या गादीचे चाहते खवळले. फोनवर बघणाऱ्यांनी टीव्हीवर बघणाऱ्यांना म्हातारे म्हटलं, टीव्हीवर बघणाऱ्यांनी फोनवाल्यांना रसिकता शिकवली. मूळ आवाजातच बघावं की भाषांतराच्या ओळी घेऊन, यावर तर मैत्र्या तुटल्या. मांजर घोरत होतं.

दंतवैद्यांनी आपली मालिका शेवटून दुसऱ्या भागात सोडली आणि भिंतीवर मांजर लावलं. ते मांजर त्यांच्या दारापासून दीड मजला खाली होतं. एकदा दवाखान्यात जाताना त्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं. "फार लहान आहे हो," ते घरी येऊन बायकोला म्हणाले. "टीव्हीवर बरं वाटतं." कठड्याची रिकामी जागाही त्यांना वाटेत दिसली असणार, पण तिच्याकडे बघून त्यांना काही आठवलं नाही. घरी टॉवेल कोरडे होते.

परिणाम व्हायचा तो ताईंवर झाला. जिन्यातलं चित्र आणि भिंतीवरचं चित्र दोन्ही एकाच जोडणीवरून जात होतं. दोन बहिणींच्या चहाला त्यात जागा उरली नाही. धाकटीचा चेहरा कप तोंडाशी नेताना थिजे आणि बराच वेळ तसाच राही.

"अडकलीस तू."

"मी कुठे अडकले? तूच अडकलीस."

"मी तर हलतेय."

"मला दिसत नाहीयेस. ऐकू येतंय का? ए, ऐकू येतंय का?"

आयुष्यभर दुसऱ्यांना 'बोला, जोडलंय' म्हणणाऱ्या ताईंना स्वतःच्या बहिणीचा आवाज तुटक ऐकू येत होता. त्यांनी क्लाउडभाऊंकडे तक्रार केली. क्लाउडभाऊ नम्रपणे म्हणाले, "ताई, लोक बघतायत. मधेच बंद केलं तर किती वाईट दिसेल. तुम्हीपण बघा ना, छान आहे." आणि त्यांनी ताईंच्या फोनवर मांजर लावून दिलं. ते अजिबात अडकत नव्हतं.

मग एके दुपारी मांजराने झोपेत कूस बदलली. उघड्या बाजूला कठडा नसल्यामुळे ते पायरीवरून घरंगळलं आणि खालच्या वळणावर चारही पायांवर उभं राहिलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आपण हे ठरवूनच केलं असा चेहरा केला आणि पंजा चाटायला बसलं. लागलं काहीच नाही. हे एवढंच घडलं.

पण ते थेट घडलं. संध्याकाळपर्यंत तो तुकडा सगळीकडे पोचला होता, हळू वेगाने, करुण संगीत घालून. 'ही माणसं आहेत की कोण?' लोकांनी विचारलं. 'एका मुक्या जिवाला धरायला साधा कठडा नाही?' इमारतीचा धिक्कार झाला. सचिवांचं छायाचित्र कुणीतरी शोधून काढलं आणि त्यावर लाल फुली मारली. 'ते'वाले आणि 'ती'वाले यांनी संयुक्त निवेदन काढलं, त्यात मांजराचा उल्लेख लिंगनिरपेक्ष ठेवण्यासाठी 'सदर जीव' असं म्हटलं होतं. रडण्यात दंतवैद्य सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी भिंतीएवढ्या आकारात पाहिलं होतं.

तातडीची बैठक झाली.

"कठडा लागणारच," दंतवैद्य म्हणाले. "माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"तुमच्या गॅलरीत एक आहे," फोनमधून ताई म्हणाल्या.

"तो वापरात आहे, ताई," दंतवैद्य दुखावल्या स्वरात म्हणाले. "आणि जुना. पडलेल्या जिवाला जुना कठडा देणार? लोक काय म्हणतील?"

सचिवांनी शेरा दिला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता आणि शब्दाचं प्रत्येक अक्षर त्यांनी तपासून टाकलं. काम वेल्डरकडे गेलं आणि पाहता पाहता झालं. ज्या मागणीला इतके दिवस धरायला काही मिळत नव्हतं, मांजर पडल्याबरोबर ती उभी राहिली.

ताईंना वेल्डिंगचा आवाज आला तेव्हा त्या हरखल्या. धाकटीला फोन लावून म्हणाल्या, "चहाचं आधण ठेव." काठी घेऊन त्या पायऱ्यांपाशी आल्या. कठडा होता. नवा होता, चकचकीत होता आणि त्यांच्या घोट्याएवढ्या उंचीवर होता.

"अहो, हा एवढासा का?" त्यांनी वेल्डरला विचारलं.

"माप दिलं तसा केला, ताई."

"कुणाचं माप?"

वेल्डरने हातातल्या पान्याने गादीकडे दाखवलं. "पाठीला लागायला नको म्हणून दोन बोटं वर घेतलाय. साहेब म्हणाले, आरामात चालता आलं पाहिजे."

"आणि मी?"

वेल्डरने ताईंकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं. त्याला उत्तर सुचलं होतं, पण ते मोठ्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. "बसत बसत गेलात तर पोचेल हात," तो शेवटी म्हणाला.

ताई वर आल्या. फोनवर धाकटी थिजलेली होती, कप अर्ध्यावर. आधण उकळून उकळून आटलं असेल, असं ताईंना वाटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना राग आला. एक्स्चेंजमध्ये त्या नेहमी शांत असत. शांत राहून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. तार जोडायची असेल तर ज्या भोकात आवाज आहे त्यातच पिन घालावी लागते. आपल्या सोयीच्या भोकात घालून उपयोग नाही. इतके दिवस त्या ग्रुपवर लिहीत होत्या. आवाज तिकडे नव्हताच.

त्यांनी क्लाउडभाऊंनी लावून दिलेलं मांजर उघडलं. खाली लोकांच्या प्रतिक्रिया धबधब्यासारख्या पडत होत्या. फोनने नाव विचारलं तेव्हा त्यांनी 'मांजरप्रेमी' असं टाकलं आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं:

'मांजर कठड्याच्या आडोशाने चालत नाही. ते कठड्यावरून चालतं. एवढ्या खालचा कठडा हा त्याचा अपमान आहे. मांजराला माणसाच्या कंबरेएवढी उंची लागते.'

पहिलं उत्तर शिवीचं आलं. दुसरं उत्तर पहिल्याला शिवीचं आलं. तेव्हा ताईंना कळलं, तार लागली.

त्यानंतरचं सगळं आपोआप झालं. कुणीतरी लिहिलं, 'मी इतकी वर्षं मांजर पाळतोय, अगदी बरोबर आहे.' कुणीतरी लिहिलं, 'कंबर कुणाची? उंच माणसाची की बुटक्याची?' त्यावर तज्ज्ञ आले. सरासरी कंबर काढण्यात आली. एका गटाचं म्हणणं पडलं, सांध्यांचा त्रास असलेल्या वृद्ध स्त्रीची कंबर मांजरांना सर्वांत योग्य. हा गट कुठून आला ते कुणालाच कळलं नाही, पण त्यातली अर्धी उत्तरं समोरच्या गल्लीतल्या तळमजल्यावरून येत होती आणि त्यांत मधूनच दुधाचा उल्लेख असे. खालच्या कठड्याला 'पिंजरा' हे नाव पडलं. पिंजरा हटवा, अशी हाक उठली. सचिवांच्या छायाचित्रावर दुसऱ्या रंगाची फुली आली.

सचिवांनी कठडा वर घ्यायला लावला. माप घ्यायला वेल्डर ताईंच्या दारात आला.

"साहेबांनी पाठवलंय. म्हणाले, इंटरनेटवर जशी लिहिलीय तशी कंबर इमारतीत एकच आहे."

"घ्या," ताई म्हणाल्या आणि दारात सरळ उभ्या राहिल्या.

कठडा उभा राहिला. भक्कम, गुळगुळीत, हाताला लागेल असा. वरच्या टोकाला सचिवांनी पाटी लावली, 'केवळ मांजराच्या वापरासाठी. इतरांनी हात लावू नये.' मांजराला उचलून कठड्यावर ठेवण्यात आलं. ते खाली उतरलं आणि गादीवर झोपलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरलं. प्रेक्षकांनी यावर दोन दिवस वाद घातला. मग ताईंनी 'मांजरप्रेमी' या नावाने शेवटचं वाक्य लिहिलं, 'त्याला वेळ द्या,' आणि फोन बंद करून पदर खोचला.

संध्याकाळचं ऊन जिन्याच्या खिडकीतून पायऱ्यांवर पडलं होतं. ताईंनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात कठड्यावर ठेवला आणि एक पायरी उतरल्या. गुडघा थरथरला, पण हात घट्ट होता. दुसरी पायरी. तिसरी. गादीपाशी आल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि मांजराच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "आभारी आहे हं," त्या म्हणाल्या. मग वळण घेतलं आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेल्या. खाली रस्त्यापलीकडे धाकटी दारात उभी होती. ती म्हणाली, "आलीस? बराच वेळ लावलास," आणि मग दोघी एवढ्या मोठ्याने बोलायला लागल्या की चष्मेवाला दुकानातून बाहेर आला. त्या काय बोलल्या ते कुठल्याच पडद्यावर आलं नाही, आणि एक शब्दही अडकला नाही.

आत जिन्यात मात्र चित्र चालूच होतं. जगभरातल्या लोकांनी पाहिलं होतं की एक म्हातारी बाई मांजराच्या कठड्याला हात लावून, अगदी सावकाश, मांजर आणि कॅमेरा यांच्या बरोबर मधून गेली. प्रतिक्रिया आल्या. 'ही कोण?' 'हिला पाटी वाचता येत नाही?' 'आमच्या मांजराची हक्काची जागा बळकावली.' या सगळ्यांत एक प्रतिक्रिया सर्वांत वर गेली आणि आजही वरच आहे. 'आजी, जरा बाजूला व्हा ना, मांजर दिसत नाहीये.'

ती गमतीदार आहे यात शंका नाही. तिला हजारो लोकांनी हसत हसत अंगठा दिला. ताईंना तिचा राग नाही, त्यांनी ती वाचलेलीच नाही, त्या रोज संध्याकाळी चहाला जातात. राहता राहिले ते अंगठे. त्यांपैकी एक सध्या हे पान धरून बसला आहे.